‘सोडलीय त्यांनी’ : सहाय्यवाणीवर आलेला एक कॉल

पार्श्वभूमी

बेळगाव शहरातून चालणारी ही एक छोटी सहाय्यवाणी. सकाळी दहा ते रात्री दहा, एका वेळी दोघी स्वयंसेविका आणि एक पाळीप्रमुख. मराठी आणि कन्नड दोन्ही नीट बोलणारं एक तरी माणूस प्रत्येक पाळीत ठेवलेलं असतं, सीमाभागात त्याशिवाय भागत नाही. कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्ही भाषा सहज बोलणारा माणूससुद्धा रडायला आला की घरच्या भाषेवर येतो. बरेचसे कॉल मन हलकं करण्यासाठी असतात. काही आरोग्याच्या विचारणेचे असतात : कुठल्या दवाखान्यात जायचं, कुठला कागद लागतो, गोळी चुकली तर काय करायचं. इथून कुणालाही औषध सुचवलं जात नाही. अडल्यावेळी विचारायला एक डॉक्टर ठरलेले आहेत.

फोन करणारी बाई खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जंगलाला लागून असलेल्या गावातली. नवरा गवंडी, चाळिशी ओलांडलेला, बेळगावात साइटवर जाऊन-येऊन काम करणारा. पिणं जुनं. कर्नाटकात २००७ साली अरक, म्हणजे स्वस्त गावठी दारू, बंद झाला. आता मजुराच्या खिशाला परवडते ती नव्वद मिलीच्या कागदी पाकिटातली स्वस्त व्हिस्की. ह्यांची रोजची पाच ते सहा पाकिटं. एका पाकिटात साधारण तीस ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे दिवसाला दीडशे ते एकशेऐंशी ग्रॅम. इतकी रोजची सवय असलेलं शरीर एका दिवसात दारू सोडू शकत नाही. हे प्रकरण त्यामुळेच घडलं.

जूनचा शेवट. गावात हरिनाम सप्ताह झाला आणि रविवारी काल्याच्या दिवशी त्यांनी माळ घातली. दारू आणि मटण दोन्ही बंद. घरात आनंद होता. बायकोने शेजारच्या चार घरांत साखर वाटली.

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि वेळा मात्र तशाच ठेवल्या आहेत.

कॉल

सोमवारी रात्री ९ वाजून १० मिनिटांनी फोन आला. पहिलं वाक्य असं होतं : “ताई, आमच्या ह्यांना दोन रात्री झोप नाही, घाबरूलालेत नुसते, जरा धीर द्या त्यांना.”

स्वयंसेविकेने शिकवल्याप्रमाणे ऐकून घेतलं. गेल्या वर्षी त्यांची आई गेली, तेव्हापासून ते गप्प गप्प असतात. आता माळ घातलीय, आईची फार इच्छा होती. आणि मग जरा अभिमानाने : “सोडलीय त्यांनी. एक थेंब नाही.” स्वयंसेविकेने मनापासून कौतुक केलं. आईचं दुःख, नवा नियम आणि त्यातून आलेली बेचैनी असा तिने मनात अंदाज बांधला. त्यांना फोन देता का, असंही विचारलं. त्यांनी घेतला नाही.

अकरा मिनिटं अशी गेली. मग बाई सहज म्हणाली, “आता बघा, वाकळेवरच्या मुंग्या वेचूलालेत. मुंग्या नाहीतच तिथं.”

शेजारच्या टेबलावरून पाळीप्रमुखाने हे ऐकलं आणि एका कागदावर दोन शब्द लिहून स्वयंसेविकेपुढे सरकवले : ‘शेवटची कधी?’

त्यानंतरचे प्रश्न तीन मिनिटांत संपले. शेवटचं पाकीट शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला, म्हणजे पन्नास तास झाले होते. रविवारी दुपारपासून हात कापत होते आणि घाम येत होता. अंथरूण भिजत होतं, पण घरच्यांनी ते पावसाळी तापावर घातलं. सोमवारी पहाटेपासून मुंग्या. संध्याकाळपासून ते बायकोला साइटवरची माणसं समजून ‘माल कालवा, ओळंबा द्या’ म्हणत होते. बाहेर काळोख होता आणि ते सकाळ झाली म्हणत होते. शेवटचा प्रश्न : पूर्वी कधी फीट आली होती का? आली होती. चार वर्षांपूर्वी पाय मोडून दवाखान्यात होते, तेव्हा तिसऱ्या दिवशी.

नेमकी अडचण

ही दारू अचानक तुटल्यावर येणारी बेशुद्धपणाजवळची भ्रमावस्था होती, डॉक्टर तिला ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. रोजच्या दारूने मेंदूचा ब्रेक सतत दाबलेला असतो. त्यावर मात करायला मेंदू स्वतःचं इंजिन जास्त फिरवत राहतो. दारू एकदम काढली की ब्रेक सुटतो आणि इंजिन तसंच धावत राहतं. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत कंप, घाम, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फीट येण्याचा धोका. साधारण अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान काहींना ही भ्रमावस्था येते. स्थळ-काळाचं भान जातं, नसलेलं दिसतं, ताप चढतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. वेळेत दवाखान्यात पोचला तर बहुतेक जण सुखरूप बाहेर येतात. आधी एकदा दारू तुटल्यावर फीट आलेली असेल, तर पुढची प्रत्येक वेळ जास्त अवघड जाऊ शकते.

म्हणजे या माणसाला त्या घटकेला धीराची नाही, दवाखान्याची गरज होती.

घरात मात्र तीन वेगळी निदानं झाली होती. चुलत सासू म्हणत होती, माळ सोसली नाही, काहीतरी शिवाशिव झालीय. शेजारी म्हणत होता, अर्धं पाकीट पाजा, लगेच शांत होतील. आणि बाईच्या हातात सासूच्या औषधांतली उरलेली झोपेच्या गोळ्यांची पट्टी होती.

समोर असलेले पर्याय

सगळ्यांत मोह पाडणारा पर्याय होता सकाळपर्यंत थांबण्याचा. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेखाली मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ येतात. घरचे आता सांभाळतायत, रात्र काढा, सकाळी खानापूरला जा, हे सांगणं अगदी समंजस वाटलं असतं. धो धो पाऊस होता, तेही एक कारण होतंच. पण भान गेलेल्या माणसाची रात्र ‘काढता’ येत नाही, म्हणून हा पर्याय पहिल्यांदा खोडला.

कॉल १४४१६ या टेलिमानसच्या नंबरकडे वळवावा का, हाही विचार झाला. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही केंद्र सरकारची चोवीस तासांची सेवा आहे, मराठी निवडता येते, प्रशिक्षित समुपदेशक असतात. दारू सोडायची इच्छा असलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना हा नंबर जरूर द्यावा. व्यसनमुक्तीचा १४४४६ सुद्धा द्यावा. पण इथे आणखी एका फोनवर तीच कहाणी पहिल्यापासून सांगण्यात दहा मिनिटं गेली असती आणि तिथूनही ‘दवाखान्यात न्या’ हेच उत्तर आलं असतं.

गोळीचा प्रश्न कठीण होता. त्या पट्टीवरचं औषध ज्या गटातलं आहे, त्याच गटातली औषधं दवाखान्यात या अवस्थेवर वापरतात. म्हणून ‘एक द्या’ म्हणायचा मोह होतो. पण दवाखान्यात ती नाडी, श्वास आणि यकृताची स्थिती बघत, मोजून देतात. घरात एकीने परिणाम होत नाही, मग दुसरी, मग तिसरी असं होतं आणि श्वास मंदावला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. ठरलेल्या डॉक्टरांना दुसऱ्या फोनवरून विचारलं, त्यांनी स्पष्ट नकार दिला. पट्टी सोबत घेऊन जायला सांगितलं.

पाकिटाबद्दल नीट सांगायला हवं, कारण शेजाऱ्याचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. जो माणूस अजून रोज पितोय त्याला ‘आजच एकदम बंद कर’ असं सांगू नये. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत अचानक तोडू नका, हाच बरोबर सल्ला आहे. पण भान हरपलेल्या माणसाच्या तोंडात दारू ओतली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि इतक्या पुढे गेलेली भ्रमावस्था त्याने आटोक्यातही येत नाही. शिवाय शुद्धीवर आल्यावर त्यांना कळलं असतं की माळ गळ्यात असताना पाजली. हे वैद्यकीय कारण नव्हे, तरी ते बारीकसं नव्हतं.

बांधून ठेवा, असंही कुणीतरी मागून ओरडलं. त्याला लगेच नाही म्हटलं. बांधलेला माणूस झटापट करतो, अंग आणखी तापतं आणि उताणा बांधलेला असताना उलटी झाली तर गुदमरतो.

काय केलं

बाईला आधी इतकंच सांगितलं : “वहिनी, ही बाधा नाही आणि माळेचा कोप तर नाहीच. दारू एकदम सुटल्याने मेंदूला झालेला हा आजार आहे, औषध आहे, पण आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे.” तिने एकच विचारलं, “सोडली म्हणून झालं?” उत्तर दिलं, “सोडली हे चांगलंच. एका दिवसात सोडली म्हणून त्रास झाला.”

मग तिला तिच्या फोनवरून १०८ लावायला सांगितलं. ही चूक झाली. त्या पट्ट्यात फोनला कधी कर्नाटकातला टॉवर मिळतो, कधी पलीकडच्या चंदगडच्या बाजूचा. १०८ सारखा आखूड नंबर ज्या टॉवरला फोन लागलाय त्या राज्याच्या केंद्रात जातो. तिचा कॉल महाराष्ट्रात लागला. पलीकडून मराठीत विचारपूस झाली तेव्हा तिला हायसं वाटलं. तालुका विचारला, ती ‘खानापूर’ म्हणाली. खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. गावाचं नाव त्या यादीत सापडेना, दोन्हीकडून परत परत तेच बोलणं चाललं आणि पाच मिनिटांनी कॉल तुटला. पलीकडच्या माणसाचा यात काही दोष नव्हता.

९ वाजून ३४ मिनिटांनी दुसऱ्या स्वयंसेविकेने बेळगावातून, सहाय्यवाणीच्या फोनवरून १०८ लावला आणि कन्नडमध्ये माहिती दिली. जिल्हा, तालुका, गाव, मुख्य रस्त्यावरचा फाटा, फाट्यावरची खूण, घरच्या दोघांचे नंबर आणि एका वाक्यात आजार : “कुडियूद बिट्ट एरड दिवस आग्याव”, दारू सोडून दोन दिवस झालेत, भान नाही, पूर्वी फीट आलेली आहे. गाडी मिळाली. पण गावाकडच्या नाल्यावरून पाणी जात होतं, मोठी गाडी फाट्यापर्यंतच येणार होती. फाटा चार किलोमीटर.

इथे एक अवघड जागा आली. स्वयंसेविकेने विचारलं, गावातल्या आशाताईंना फोन करू का? बाई गप्प झाली. आशाताई तिची जाऊ. “तिला नका सांगू. साखर वाटलीय मी.” त्या एका वाक्यात सगळं होतं. गावात सांगितल्याशिवाय जीप मिळणार नव्हती आणि सांगितलं तर उद्या देवळासमोर चर्चा. पाळीप्रमुखाने मधला रस्ता काढला. वडापच्या जीपवाल्याला फक्त ‘फीट येण्याचा संभव आहे, फाट्यापर्यंत न्यायचंय’ एवढंच सांगायचं, तेही बाईने स्वतः. दारूचा उल्लेख दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढे, तिथे मात्र काहीही लपवायचं नाही. बाई तयार झाली.

जीप येईपर्यंतच्या वेळात एकेक सूचना दिली आणि तिच्याकडून वदवून घेतली. खोलीतला दिवा चालू ठेवा, काळोखात नसलेलं दिसणं वाढतं. त्यांच्याशी एकानेच बोलायचं, हळू, नाव घेऊन. मुंग्या नाहीत म्हणून वाद घालायचा नाही आणि आहेत असंही म्हणायचं नाही. ‘मी आहे इथं, आपण दवाखान्यात चाललोय’ एवढंच. विळा, कोयता, थापी, जे काही हाताशी असेल ते बाहेर. जीपमध्ये मधल्या सीटवर, दोन्ही बाजूंना एकेक पुरुष. फीट आली तर गाडी थांबवून कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, बोटं घालायची नाहीत, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही.

आणि फोनबद्दल एक : “कॉल तुटला तर आम्ही करू, तुम्ही करू नका.” दोन्हीकडून एकाच वेळी लावलं की दोन्हीकडे फोन बिझी लागतो आणि त्यातच मिनिटं जातात. जीपमध्ये बसणाऱ्या दिराचा दुसऱ्या कंपनीच्या सिमचा नंबरही घेतला. वाटेत बाईच्या फोनची रेंज गेली तेव्हा तोच उपयोगी पडला.

तोवर एक चिठ्ठी तयार करून दिराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवली, कन्नड आणि इंग्रजी दोन्हीत. शेवटची दारू कधी, रोज किती, कंप कधीपासून, भान कधीपासून गेलं, पूर्वीची फीट, डोक्याला मार लागलाय का, दुसरा आजार, घरात असलेल्या गोळ्या आणि त्यातली एकही दिलेली नाही हे. रात्रपाळीच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी नातेवाइकांच्या वीस वाक्यांपेक्षा जास्त सांगते. बाईला मराठीत आलेलं रडू आणि डॉक्टरांचे कन्नडमधले प्रश्न, यांच्या मध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. त्या रात्री ते काम चिठ्ठीने केलं.

पुढे काय झालं

साडेदहाच्या सुमाराला फाट्यावर रुग्णवाहिका भेटली. वाटेत फीट आली नाही. खानापूरच्या दवाखान्यात पहिली इंजेक्शनं देऊन बेळगावला जिल्हा रुग्णालयात हलवलं. अशा रुग्णाला ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ते जीवनसत्त्व संपत आलेलं असतं आणि तशात नुसतं ग्लुकोज गेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. इथे ते इंजेक्शन आधी दिलं गेलं. गुरुवारी पहाटे त्यांनी बायकोला नावाने हाक मारली. सहाव्या दिवशी घरी सोडलं.

घरी गेल्यावर दुसराच प्रश्न उभा राहिला. दवाखान्यातल्या औषधात स्पिरिट असतं असं कुणीतरी म्हणालं आणि माळ मोडली असं समजून त्यांनी ती काढून देव्हाऱ्यात ठेवली. माळ गेली म्हणजे पुन्हा प्यायला मोकळीक, हा धोका होता. बाईचा फोन आला तेव्हा स्वयंसेविकेने धर्माचा न्याय दिला नाही. माळ ज्यांनी घातली त्या महाराजांनाच विचारा, आणि औषधांचे कागद त्यांना दाखवा, इतकंच सुचवलं. महाराजांनी स्वतः घरी येऊन माळ परत गळ्यात घातली. आम्ही तासभर समजावलं असतं तरी हे झालं नसतं.

गणपतीत साइटवरच्या मंडळींबरोबर ते पुन्हा प्यायले, आठ दिवस. नवव्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला : “आता बंद करायचीय. एकदम करू काय नको?” त्यांना त्याच मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात पाठवलं, या खेपेला औषधांच्या आधाराने सुटली. सध्या ते बेळगावात ‘ए.ए.’च्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) सभेला जातात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली अकरा मिनिटं. स्वयंसेविकेने काहीही वाईट केलं नाही, शिकवलेलंच केलं. शिकवण्यातच उणीव होती. ‘सोडलीय’ हा शब्द कौतुकाचा आहे, तसाच तो इशाऱ्याचाही आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता स्वयंसेविकांसमोरच्या कार्डावर सगळ्यांत वर चार प्रश्न आहेत आणि ते पहिल्या दोन मिनिटांत विचारायचे आहेत. दारू, तंबाखू, गोळ्या यांतलं काही नुकतंच बंद केलंय का आणि केव्हा? ताप, घाम, कंप आहे का? आपण कुठे आहोत, आज वार कुठला, हे त्यांना सांगता येतं का? पूर्वी फीट आली होती का? श्रावणात, एकादशीच्या आसपास, अय्यप्पाची माळ घालण्याच्या दिवसांत पहिला प्रश्न वगळायचाच नाही.

रुग्णवाहिकेचा फोन सीमेवरच्या गावातून नव्हे, इथूनच लावायचा. पत्ता सांगताना पहिला शब्द ‘कर्नाटक’, दुसरा जिल्हा. नुसतं खानापूर म्हणायचं नाही. चिक्कोडी, निपाणी, खानापूर या तालुक्यांतल्या नाल्याकाठच्या गावांची, पावसाळ्यात मोठी गाडी कुठपर्यंत जाते याची, एक यादी सुरू केलीय. ती अजून अपुरी आहे.

आशाताईंना न सांगण्याचा निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. एक मत असं की जीव धोक्यात असताना गुपिताला मान देणं महागात पडू शकलं असतं. त्या रात्री जीप मिळाली, नाही तर? दुसरं मत असं की बाईचा विश्वास गेला असता तर गणपतीनंतरचा तो फोन कधीच आला नसता. सध्या नियम असा ठेवलाय : पहिला प्रयत्न घरच्यांच्या संमतीने, दहा मिनिटांत गाडीची सोय झाली नाही तर आशाताईंना किंवा पंचायत सदस्याला कळवायचं, आणि कळवणार आहोत हे घरच्यांना आधी सांगायचं.

एक गोष्ट मात्र त्या वेळी कुणाच्याच लक्षात आली नाही. तीन रात्री जागलेल्या त्या बाईला, ‘तुम्ही काही खाल्लंय का’, हे पहिल्यांदा विचारलं गेलं ते बुधवारी.